पाटी नसलेली हाक

माझे सासरे सासूबाईंना कधी नावानं हाक मारत नसत. त्यांच्या पिढीत कुणीच मारत नसे, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. सासूबाई त्यांना 'अहो' म्हणत आणि ते सासूबाईंना 'अगं'. मुलाला ते नावानं हाक मारत, मला 'बाळ' म्हणत, शेजारच्या अमेरिकन बाईंना 'मॅडम'. 'अगं' मात्र अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या त्या घरात एकाच माणसाचं होतं. गराजमधून, जिन्यावरून, मागच्या टोमॅटोच्या वाफ्यातून 'अगं' ऐकू आलं, की सासूबाई आधी 'आले' म्हणत आणि मग काय हवंय ते विचारत. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते हे सगळं ठाऊक असताना केलं.

मी नागपूरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा जानेवारी होता. नवरा इथेच जन्मलेला आणि वाढलेला. मराठी सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की स्वारी इंग्रजीत शिरते. तो सकाळी सातला ऑफिसला जायचा आणि मी खिडकीशी बसून बर्फ बघायची. मला गाडी चालवता येत नव्हती. नोकरी मिळत नव्हती, कारण अमेरिकेतला अनुभव नव्हता, आणि अनुभव मिळत नव्हता, कारण नोकरी नव्हती. माझा स्वभाव मुळात तापट. त्या हिवाळ्यात मी दोन कप फोडले, त्यातला एक चुकून.

सासरे नुकतेच निवृत्त झाले होते. मूळचे साताऱ्याकडचे, इथे भूलतज्ज्ञ म्हणून हयात घालवलेली. दुसरा कप फुटला त्या शनिवारी दुपारी त्यांनी तळघराच्या जिन्यातून मला हाक मारली. "बाळ, खाली ये. एकटीनं कशाला रडतेस? इथे चांगले कपडे घातलेली माणसं रडताहेत, त्यांच्याबरोबर रड."

तळघरात एक जुना सोफा होता, मोठा टीव्ही होता आणि भिंतभर फळ्यांवर डीव्हीडी होत्या. सगळे हॉलिवूडचे अगदी सुरुवातीचे सिनेमे, काळेपांढरे. निम्मे मूकपट, निम्मे बोलायला नुकतेच शिकलेले. त्यातही बंदुकावाले नाहीत, भुताखेतांचे नाहीत. फक्त प्रेमाचे. प्रेम फसलेलं असेल तर तो सिनेमा डाव्या फळीवर आणि फसता फसता वाचलेलं असेल तर उजव्या. गावच्या ग्रंथालयात जुन्या वस्तूंची विक्री असली की सासू-सासरे सकाळी दार उघडायच्या आधी जाऊन उभे राहत आणि खोकी धुंडाळत.

हे वेड लागलं कसं, ते सासूबाईंनी मला पुढे सांगितलं. सासरे इथे आले ते एकटे. सासूबाईंचे कागद व्हायला वर्ष लागलं. ते वर्ष त्यांनी हॉस्पिटलच्या ड्यूटीच्या खोलीत काढलं आणि त्या खोलीतल्या टीव्हीवर दुपारी जुने सिनेमे लागत. बायको हजारो मैलांवर, ओळखीचं कुणी नाही, आणि समोर पडद्यावर माणसं एकमेकांकडे डोळे भरून बघताहेत. मग सासूबाई आल्या. त्यांचं इंग्रजी शाळेपुरतं. मूकपटात मधे मधे अक्षरांची पाटी येते, ती वाचून होईस्तोवर निघून जायची. म्हणून सासरे त्यांना पाटी मराठीत सांगू लागले. पुढे सासूबाई इंग्रजी शिकल्या, तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसल्या, गिऱ्हाइकांना फैलावर घेण्याइतकं इंग्रजी त्यांना आलं. तरी शनिवारचं मराठी काही सुटलं नाही.

पाटी असली की सासरे जेमतेम तिला धरून बोलत. पाटी नसली की मग काही विचारू नका. पडद्यावर नुसते ओठ हलायचे आणि आमच्या तळघरात मराठी ऐकू यायचं. नायक टोपीच्या दुकानातला नोकर असो नाहीतर गडगंज बापाचा पोरगा, त्यानं तोंड उघडलं की सासरे म्हणत, "अगं". नायिकेचं सासूबाईंकडे. नायक अंगठी घेऊन एका गुडघ्यावर बसला, की सासरे म्हणत, "अगं, किल्ली सापडली बघ." सासूबाई तोंडातला खाकरा संपवून म्हणत, "अहो, आधी उठा. पँट आजच धुतलीय." मी आल्यापासून पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

दोघांच्या आवडी निराळ्या. सासूबाईंना उजव्या फळीवरचे बोलके सिनेमे आवडत. त्यांत नवरा-बायको तोफा डागल्यासारखे भांडतात, काडीमोड घेतात आणि शेवटी परत एकमेकांच्याच गळ्यात पडतात. "आपण मधला वकिलाचा भाग गाळला, एवढाच फरक," असं त्या म्हणायच्या. सासऱ्यांना मूकपट प्यारे. त्यांचं म्हणणं, आवाज आला आणि प्रेमाची नुसती बडबड झाली. पूर्वी बाई दाराशी नुसती उभी राहिली तरी कळायचं की हिला जायचं नाहीये. ह्यावर सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं: "तुम्हाला बायका न बोलणाऱ्याच आवडायच्या."

डाव्या फळीवरचा एक सिनेमा वर्षातून दोनदा तरी लागे. त्याचं नाव सांगत नाही, तो काही फार गाजलेलाही नाही. शेवटी रेल्वे स्टेशन आहे. दोघांचं बिनसलेलं असतं, ती निघालेली असते, नायक फलाटावर धावत येतो. ती गर्दीत पाठमोरी, मधे इंजिनाची वाफ. नायक तोंड उघडतो आणि ओरडतो. इथे पाटी हवी, पण ती नाही. त्यानं काय हाक मारली ते आपल्याला कधीच कळत नाही. ती वळत नाही, चालत राहते आणि वाफेत दिसेनाशी होते. तिथे सासरे दर वेळी म्हणत, "अगं, ऐकलंस का?" आणि सासूबाई सोफ्यावरून म्हणत, "ऐकलं." पडद्यावरची बाई निघून जायची आणि आमची सोफ्यावरच असायची. मग सासरे चष्मा काढून पुसत. त्यांना ते दर वेळी लागायचं आणि ते लपवत नसत.

पुढे मला नोकरी लागली. सॉफ्टवेअर बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, हे लक्षात असू द्या. आम्ही पाच मिनिटांवर घर घेतलं. शनिवार दुपार मात्र तळघरातच जायची.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांचा आवाज बसला. थंडीमुळे असेल म्हणून त्यांनीच महिनाभर टाळलं. डॉक्टर माणसं स्वतःच्या बाबतीत अशी असतात. निदान झालं ते स्वरयंत्राच्या कॅन्सरचं. रेडिएशन झालं, त्यानं भागलं नाही. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. गळ्याला खाली एक भोक राहणार, श्वास तिथून, आणि आवाज जाणार. पुढे यंत्र लावून थोडंफार बोलता येतं काहींना, पण ह्या गळ्यात ते जमेलच असं नाही, असंही सांगितलं गेलं. सासरे नेहमीच्या स्वरात म्हणाले, "म्हणजे आता मी मूकपट." सासूबाई उठून आत गेल्या. त्यांना तो विनोद अजिबात आवडला नाही आणि मलाही नाही.

हॉस्पिटलमधल्या वाचा-तज्ज्ञ बाईंनी एक चांगली गोष्ट सुचवली. ऑपरेशनआधी रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच भाषेत रेकॉर्ड करून ठेवा. मग टॅब्लेटवर बटणं करता येतात. बटण दाबलं की त्यांचा आवाज येईल. वाक्यं छोटी ठेवा, सुरुवातीचे 'अं', 'वेल' असले भरतीचे शब्द काढून टाका, म्हणजे ऐकणाऱ्याला पटकन कळेल. मी लगेच म्हटलं, "हे मी करते. बाबा, तुम्ही फक्त बोला." घरात तांत्रिक काम निघालं की मला स्फुरण चढतं.

मी यादी केली. पाणी, उशी, औषध, खिडकी, दुखतंय, थंडी वाजतेय, चहा. तळघराच्या खिडकीला गोधड्या टांगल्या, म्हणजे बाहेरचा आवाज नको. माइक लावला. सासरे यादी हातात घेऊन बसले. "बाळ, असं हवेत कसं बोलू? समोर माणूस नको का?"

म्हणून सासूबाई समोर स्टूल घेऊन बसल्या. मग सुरू झालं. बसका, खरखरीत का होईना, पण त्यांचा आवाज. "अगं, पाणी दे." "अगं, उशी जरा वर कर." "अगं, खिडकी लाव." "अगं, चहा टाकतेस का?" प्रत्येक वाक्याला सासूबाई सवयीनं अर्ध्या उठायच्या आणि ते हातानं बस म्हणायचे. एकदा त्या खरोखर जाऊन पाणी घेऊन आल्या. सासरे ते प्यायले आणि म्हणाले, "हे रेकॉर्डिंग पास झालं." आवाज लवकर दमायचा, म्हणून चार दुपारी लागल्या. शंभरेक वाक्यं झाली.

त्याच आठवड्यात माझ्या ऑफिसात रिलीज होता, नवं सॉफ्टवेअर बाजारात जायचं होतं. मी ती वाक्यं कापून स्वच्छ करायला बसले ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी, आणि राहिलेली सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये केली. संगणकावर आवाज दिसतो. आधी एक छोटा उंचवटा, मग रिकामी सपाट रेघ, मग वाक्याचे उंचवटे. पहिला उंचवटा 'अगं'. मी विचार केला, ही बटणं काय फक्त आईंसाठी आहेत का? बाबा मुलाकडे पाणी मागतील, माझ्याकडे मागतील. मुलाला 'अगं, पाणी दे' कसं चालेल? 'पाणी दे' म्हटलं की तिघांनाही चालतं. शिवाय दर वेळी सेकंदभर जास्त लागणार. मी पहिलं 'अगं' निवडलं आणि पुसलं. मग दुसरं. विसाव्यापर्यंत हात बसला, पुढची ऐकायचीही गरज राहिली नाही. उंचवटा दिसला की उडव. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या वेटिंग रूममध्ये बसून सोडत होते आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

नवऱ्यानं दोन बटणं दाबून पाहिली. "नाइस, एकदम क्लीन आहे," तो म्हणाला. त्याला माझ्याहून जास्त कळायला हवं होतं असं मी रागात पुष्कळदा म्हणते, पण ते खरं नाही. मग मी मूळ रेकॉर्डिंग डिलीट केलं. लॅपटॉप भरत आला होता आणि काम झालं की पसारा आवरायचा ही माझी शिस्त. फोनमध्ये नाही, कुठेच नाही. सासऱ्यांना तोवर आत नेलं होतं.

चौथ्या दिवशी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि टॅब्लेट मांडीवर दिला. मी बटणं समजावून सांगितली. सासूबाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहून थर्मासचं झाकण उघडत होत्या. सासऱ्यांनी पाण्याचं बटण दाबलं.

"पाणी दे."

त्यांचाच आवाज, अगदी स्पष्ट. खोलीत एक नर्स होती, तिनं वळून पाहिलं. मी पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं नाही. त्या झाकणाशी झटत राहिल्या. सासऱ्यांनी परत दाबलं. "पाणी दे." सासूबाईंचा हात थांबला, पण मान वळली नाही. टीव्हीवर कुणी बोलतंय असं त्यांना वाटलं असावं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा सासऱ्यांचे ओठ बटणाच्या आधी हलले. ते मी पाहिलं. ओठ हलले आणि काही आलं नाही, आणि मग माझं स्वच्छ केलेलं वाक्य आलं. शेवटी त्यांनी ट्रेवर चमचा आपटला.

सासूबाई वळल्या. "मला म्हणत होतात?" त्यांनी विचारलं.

मी तिथून बाहेर पडले आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. मला माझीच इतकी चीड आली होती की रडूसुद्धा येईना.

घरी आल्यावर प्रश्न रोजचा झाला. बटणानं सगळं मागता येत होतं, पण बोलावता येत नव्हतं. हाताशी लिहायची पाटी दिली होती, पण ती वाचायला आधी समोरच्यानं बघावं लागतं आणि हाक तर न बघणाऱ्यालाच मारायची असते. मी देवघरातली घंटी आणून त्यांच्या उशाशी ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "मी काय देव आहे, घंटी वाजवून उठवायला?" आणि परत नेऊन ठेवली. नवऱ्यानं टॅब्लेटमध्ये आईचं नाव टाईप केलं. यंत्रातल्या बाईनं ते अमेरिकन ढंगात उच्चारलं. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ही कोण मला नावानं बोलावणारी?"

"आई, इट्स जस्ट अ बटन," नवरा म्हणाला.

"काढून टाक. ह्यांनी जे कधी केलं नाही ते मशीननं करायला नको."

त्याच दुपारी कपड्यांच्या घड्या करताना त्यांनी मला विचारलं. माझ्याकडे न बघता, उशीच्या अभ्र्याची चार टोकं जुळवत. "रेकॉर्डिंगच्या वेळी हे प्रत्येक वाक्याला 'अगं' म्हणत होते ना गं? का मलाच तसं वाटतंय?"

"म्हणत होते."

"मग ते गेलं कुठे?"

"मी काढलं, आई. सगळ्यांना वापरता यावं म्हणून."

"सगळ्याच वाक्यांतलं?"

"हो."

"परत घालता येईल का?"

"नाही. ओरिजिनल मी डिलीट केलं."

त्यांनी अभ्रा घडी करून ठेवला, दुसरा घेतला. "असू दे. तू काय मुद्दाम केलंस?" एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं रागावतील. मी आईबापाच्या घरी आरडाओरड्यात वाढलेली, मला ओरडलेलं झेपतं. हे झेपलं नाही. मी सासऱ्यांच्या खोलीत गेले आणि त्यांनाही सांगून टाकलं. त्यांनी पाटी ओढली आणि डॉक्टरी अक्षरात लिहिलं, 'तुझ्या यादीत "अगं" नव्हतंच. मीच जास्तीचं बोललो.' मी म्हटलं, "बाबा, प्लीज, असं चांगलं वागू नका." त्यावर त्यांनी पाटी पुसली आणि माझ्या हातावर थोपटलं.

घशाला लावायचं एक कंप पावणारं यंत्रही त्यांनी आठ दिवस वापरून पाहिलं. त्यातून आवाज निघे, पण तो कुणाचाच नसे. त्यातून त्यांनी सासूबाईंना एकदाच हाक मारली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते यंत्र ड्रॉवरमध्ये गेलं ते कायमचं.

शनिवार परत सुरू करायला महिना गेला. सासऱ्यांना जिना उतरवून सोफ्यावर बसवलं, मी मूकपट लावला, उजव्या फळीवरचा, हलकाफुलका. पियानो वाजत होता. नायकानं तोंड उघडलं आणि तळघरात कुणीच बोललं नाही. पडद्यावर ओठ हलताहेत, सोफ्यावर सासऱ्यांचेही ओठ हलताहेत, आणि पियानो आपला खुशाल टुणटुणतोय. मला उठून तो बंद करावासा वाटला. मला वाटलं आपण वाचावी पाटी, आपण म्हणावं नायकाचं. पण मी 'अगं' कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझी छत्री माझ्याकडे राहिली." नायकाचं वाक्य होतं ते. आणि स्वतःच पुढे म्हणाल्या, "अहो, राहू द्या. तेवढ्यासाठी तरी परत याल." सासऱ्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. हसण्याचा आवाजही गेलेला, नुसते खांदे आणि गळ्याच्या भोकातून येणारा श्वास.

त्यानंतर दोघांचं काम सासूबाईच करत. सासरे ओठ हलवत आणि सासूबाई पडद्याकडे न बघता त्यांच्या ओठांकडे बघून नायकाचं बोलत. त्यामुळे निम्मी वाक्यं सिनेमातली नसतच. "अगं, कढी पातळ झाली होती आज," असं एखादा उंच टोपीवाला चांदण्यात म्हणे. दिवसभरही त्या सारख्या त्यांच्याकडे बघत असत. भाजी चिरताना, फोनवर बोलताना, दर मिनिटाला मान वळायची. हाक येणार नाही म्हटल्यावर त्यांनी वाट बघायचं सोडून नुसतं बघायला सुरुवात केली. त्या दिवसांत त्यांची मान धरली, तिला मी तेल चोळून द्यायची.

स्टेशनचा सिनेमा मात्र त्यांनी लावू दिला नाही. सासऱ्यांनी दोनदा बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी."

पुढच्या हिवाळ्यात आजार परतला आणि आता करण्यासारखं काही नव्हतं. शेवटचे तीन आठवडे पलंग तळघरातच लावला, त्यांनीच मागितला. ते गेले ते दुपारी. सासूबाई त्यांच्या जवळच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि दोन मिनिटं त्यांचा डोळा लागला होता. एवढे महिने ज्या बाईनं नजर हलवली नाही, तिची दोन मिनिटं. जागी होऊन पाहिलं तर झालेलं होतं. "हाक मारली असेल का गं?" त्यांनी मला विचारलं. "ओठ हलवले असतील आणि मी बघत नव्हते."

मी म्हटलं, "नाही आई, झोपेतच गेले." मला काय ठाऊक होतं? मी वरच्या मजल्यावर ऑफिसच्या कॉलवर होते. एक जरी 'अगं' शिल्लक असतं तर त्या प्रश्नानं त्यांना एवढं छळलं असतं का, हे मी अजून स्वतःला विचारते.

आम्ही त्यांना आमच्या घरी चला म्हणालो. त्या आल्या नाहीत. टॅब्लेट कुठे ठेवला ते मी विचारलं नाही. मला तो दिसायला नको होता.

मागच्या शनिवारी दुपारी मी भाजी घेऊन गेले. दार माझ्या किल्लीनं उघडलं. वर कुणी नव्हतं, तळघरातून पियानो ऐकू येत होता. मी जिना उतरले आणि चौथ्या पायरीवर थांबले. स्टेशन चालू होतं. वाफ, गर्दी, पाठमोरी बाई. सासूबाई सोफ्यावर त्यांच्या नेहमीच्या बाजूला बसल्या होत्या, टॅब्लेट मांडीवर. नायक धावत आला, त्यानं तोंड उघडलं.

"अगं," सासूबाई हळूच म्हणाल्या. मग क्षणभर थांबल्या आणि बटण दाबलं.

"चहा टाकतेस का?" सासऱ्यांचा आवाज आला.

मी त्या आवाजाचे उंचवटे शंभर वेळा पाहिलेत. 'अगं' आणि वाक्य यांच्यामध्ये ते किती थांबत, ती सपाट रेघ मला पाठ आहे. सासूबाई बरोबर तेवढ्याच थांबल्या होत्या. मी जिथे कापलं होतं तिथे त्यांनी ते परत लावलं होतं, हातानं नाही, तोंडानं, आणि तेही एकाच वाक्याला नसणार. आठवडाभर, महिनाभर, एकेक बटण घेऊन त्या हे करत असणार, त्याशिवाय ते इतकं जुळत नाही.

"टाकते," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. वळल्या तर पायरीवर मी.

काही लपवलं नाही त्यांनी. टॅब्लेट सोफ्यावर सासऱ्यांच्या जागी ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आलीस? चल वर. आलं आहे का बघ फ्रीजमध्ये."

मी आलं किसून दिलं. त्यांनी चहा केला आणि दोन कप भरले. एक स्वतः घेतला. दुसऱ्यात साखर घातली नाही, सासरे बिनसाखरेचा पीत. मी दोन चमचे साखर घालून पिते हे त्यांना गेली दहा वर्षं ठाऊक आहे. तो कप ओट्यावर थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो माझ्याकडे सरकवला आणि मी तो तसाच प्यायले.